पाठमोरी

चित्रात आरसा होता. केझाया एक पाऊल मागे सरली.

गेले आठ आठवडे ती या खोलीत चित्रकार मिस्टर थरलोकडे पाठ करून उभी राहत होती. समोर नुसती भिंत. चेहरा काढायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी कबूल करून घेतलं होतं. तिचा बाप लंडनमधल्या लँबेथच्या प्रार्थनाघरात प्रवचनं करायचा. पोरगी चित्रकारापुढे उभी राहते हे त्याला कळतं, तर त्याने तिला अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर काढलं असतं. घरी तिने शिवणकामाला जाते म्हणून सांगितलं होतं.

थरलो माणूस तसा सज्जन वाटला होता. बोलणं मोजकं. कपाटातला निळा झगा घालायला सांगायचा, तो तिला कंबरेत घट्ट व्हायचा. केस मानेवर सैल, मान जरा डावीकडे. तिच्या तोंडाकडे त्याने कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

आज चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. न्यायला आलेल्या हमालांशी बोलायला थरलो खाली गेला आणि केझायाने पहिल्यांदाच चित्रावरचं फडकं बाजूला केलं. चित्रातल्या भिंतीवर त्याने आरसा टांगला होता. आरशात बाईचा चेहरा होता. तपकिरी केस, करडे डोळे, निळ्या झग्याचा गळा, डावीकडे कललेली मान.

आपलाच की! दुसरं कोण असणार? तिच्या घरात आरसा नव्हता. बाप त्याला सैतानाची खिडकी म्हणायचा. तिने स्वतःला पाहिलं होतं ते बादलीतल्या पाण्यात, नाहीतर जाता जाता दुकानांच्या काचेत. आणि आता प्रदर्शन झालं की त्याच काचांमागे या चित्राच्या छापील प्रती लागणार. बाप रोज त्या रस्त्याने जातो.

बाजूला रंग खरवडायची सुरी पडली होती. चेहऱ्यावरचा रंग अजून ओला होता. दोन फटक्यांत तिने तो खरवडून टाकला.

"निघायचं का, विचारतायत ते," म्हणत थरलो आत आला आणि दारातच थबकला.

"शब्द दिला होतात साहेब!" केझायाने सुरी त्याच्यापुढे धरली. "तोंड दाखवणार नाही म्हणालात, आणि आरशातून दाखवलंत? माझ्या मुळावरच उठलात की!"

तो चिडला नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने सुरीवरचा रंग बोटाने पुसून घेतला, बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग त्याने पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"तुझे डोळे काळे आहेत, पोरी. हॅरिएटचे करडे होते."

"कोण हॅरिएट?"

"बायको माझी. झगा तिचाच आहे." तो स्टुलावर बसला. "अकरा वर्षं लोकांच्या बायका रंगवल्या, घरची राहून गेली. ती गेली, आणि मला तिचा चेहराच आठवेना. तू अशी पाठमोरी उभी राहायचीस ना, तेव्हा वाटायचं, आता वळेल, मग वळेल. काल दुपारी वळली."

खालून हमालांनी पुन्हा हाक मारली.

केझायाने सुरी खाली ठेवली. भिंतीपाशी गेली, त्याच्याकडे पाठ केली आणि मान जरा डावीकडे कलवून उभी राहिली.