साक्षीदाराला पाणी

"सर, थोडं पाणी घेता?" आरोपीची वकील असलेल्या अश्लेषानं विचारलं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असलेले देवस्थळी सर सावध झाले.

ही युक्ती त्यांचीच. लॉ कॉलेजात उलटतपासणी शिकवताना ते दर वर्षी सांगायचे, "साक्षीदाराला दरडावू नका, पाणी विचारा. घोट घेतला की माणूस सैल पडतो, मग पोटातलं आपोआप ओठावर येतं." वर्ग हसायचा. पहिल्या बाकावरची अश्लेषा तेवढी हसायची नाही.

पण आज सरांच्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. भरधाव गाडीनं बायकोला कसं उडवलं, गॅलरीतून आपण काय पाहिलं, गाडी याच आरोपीच्या हातात कशी होती, हे सगळं आत्ताच सांगून झालं होतं. ग्लास पुढे करताना अश्लेषाचे डोळे भरून आले होते. बायकोच्या हातचे पोहे खाल्लेली पोर ही! सगळंच काही नाटक नसेल. सरांनी ग्लास रिकामा केला.

"तुम्हाला सर्दी झाली होती ना तेव्हा?" तिनं हळुवारपणे विचारलं.

"हो गं. वाफ घेत होतो. माझंच औषध आणायला गेली होती ती. आवाज ऐकून तसाच गॅलरीत धावलो."

"आणि चष्मा?"

"वाफेसाठी काढून ठेवला होता," सर बोलून गेले.

हवं ते उत्तर मिळालं की पुढे एक शब्द विचारू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

अश्लेषा खाली बसली.