पाहुण्यांचे बूट

जपानने हवाई बेटांवर बॉम्ब टाकले त्या रविवारी अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या जपानी पाद्र्याच्या घरात दोन सरकारी माणसं चिखलाच्या बुटांनिशी तडक आत शिरली. "कोट घाला, पाद्रीसाहेब. चौकशी आहे." "अहो, भरल्या पानावरून उठवताय त्यांना? दोन घास खाऊ तरी द्या," पाद्र्याची बायको तोमिए कळवळली. दोघांतल्या एकाने खुंटीवरचा कोट काढून पाद्र्यापुढे धरला. पाहुण्यांना निघताना सोपं जावं म्हणून त्यांचे बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे, ही तिची माहेरची रीत; घरच्यांचे काढले तसेच राहायचे. आज काही सुचेना, तशी ती उंबऱ्याशी वाकली आणि हात सवयीने चालले. दाराकडे वळवलेल्या आपल्या बुटांकडे नवऱ्याने क्षणभर पाहिलं, त्यांत पाय सरकवले आणि तो गाडीत बसला. गाडी वळली. रूथने आईचा झगा ओढला. "आई, बाबांचे बूट का गं फिरवलेस? ते काय पाहुणे आहेत?"