सामायिक भिंत

गावात सगळ्यांनी एकाच वाणाची तूर पेरली होती. फुलोऱ्यात अवेळी ऊन तापले आणि सगळ्यांची फुले गळाली. किशनराव आणि त्यांचे थोरले भाऊ बजरंगराव यांच्या लगतच्या शेतांत मात्र शेंगांचे घोस लोंबत होते.

किशनरावांची मुलगी उज्वला लातूरच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवी. ‘देवाची कृपा’ हे कारण तिला पुरेना. तिने माती तपासली, पाणी तपासले. शेवटी फुलांवरच्या मधमाश्यांचा माग काढत ती बांधापलीकडच्या जुन्या गावठाणात पोचली. भूकंपात पडलेल्या घरांची माती लोकांनी केव्हाच शेतात नेली होती. एकच भिंत उभी होती, दोघा भावांच्या घरांमधली. ती कोणाची, यावर पंचवीस वर्षे दावा चालू होता. तिला शेकडो भोके होती आणि भोकाभोकांत मातीत घर करणाऱ्या मधमाश्या शिरत होत्या.

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून दोघे भाऊ हसत उतरले.

“मिटलं बघ भांडण! माती निम्मी निम्मी,” किशनराव म्हणाले.

“दादा, हात लावू नका,” उज्वला वडिलांना म्हणाली. “फुलं गळायच्या आत शेंगा ह्या माश्यांनी धरवल्यात. भिंत गेली की त्या बी गेल्या.”

“मग काय करावं म्हणतीस?” बजरंगरावांनी विचारले.

“परत भांडा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“भिंत माझी हाय,” किशनराव गंभीरपणे म्हणाले.

“तुझ्या बापाची हाय का रे?” बजरंगराव गरजले, आणि दोघेही पोट धरून हसत सुटले. ट्रॅक्टर रिकामाच परतला.

उज्वलाने वहीत नोंद केली: तुरीला शेंगा धरल्या, कारण दोन भावांचे पंचवीस वर्षे पटले नाही.