फटीतला फ्रॉक

"खरं वाटणार नाही तुम्हाला. मला स्वतःला वाटत नाही," अशी म्हाताऱ्या तपासनिसानं सुरुवात केली, तशा नव्या पोरापोरींनी वह्या मिटल्या. गरिबांच्या घरात ऊब टिकावी म्हणून मदत मिळते. ती कुणाला द्यायची हे ठरवायला घर कसं तपासावं, ते शिकायला सगळी आली होती. समोर दाराच्या चौकटीत बसवायचा भलामोठा पंखा उभा होता. तो घरातली हवा बाहेर खेचतो. मग जिथं फट तिथून वारा आत शिरतो, आणि यंत्राचा काटा सांगतो, घर किती गळकं. जितकं गळकं, तितकी मदत जास्त.

"एका बाईचं घर तपासायला गेलो होतो. घर कसलं, चाळण! मांजर शेगडीला बिलगायचं आणि शेगडी मांजराला. बाई डिसेंबर बघायला कॅलेंडरपाशी जाईतो वाऱ्यानं पानं उलटून मार्च आणलेला असायचा!"

वर्ग खिदळला.

"पाळण्यात तान्हं पोर, खोकून खोकून निळं. अशा घराला मदत नाही द्यायची तर कुणाला? पण बाईची अक्कल बघा! साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार, घर नीट दिसायला नको? आदल्या दिवशी बसून तिनं फट न् फट बुजवली. मोजे, उशीचे अभ्रे, नवऱ्याची विजार. एका खिडकीत तर अख्खा फ्रॉक कोंबलेला! मी पंखा लावला. काटा जागचा हलेना. घर ठणठणीत!"

"मग मदत नामंजूर?" पुढच्या बाकावरच्या एकानं हसू दाबत विचारलं.

"नियमानं नामंजूर. पण मी काय दगड आहे? स्वतःच्या हातानं एकेक बोळा उपसला आणि पंखा पुन्हा लावला. असा वारा सुटला, की बाईला खांबाला बांधून ठेवावं लागलं! दुसऱ्या दिवशी कारागीर हजर. खिडक्या नव्या, भिंतींना आतून अस्तर. पंधरा दिवसांत पोराचा खोकला थांबला. आता भर थंडीत उकडतं म्हणून बाई अंगणात येऊन बसते."

हशा ओसरला. मागच्या बाकावरची मुलगी मघापासून हसलीच नव्हती.

"फ्रॉक तुम्ही नव्हता काढला, मास्तर."

"तुला गं काय ठाऊक?"

"माझाच होता. आई तुमच्यामागं फाटकापर्यंत आली. म्हणाली, साहेब, सगळं उपसते, एकदा परत बघा. तुम्ही म्हणालात, 'झकास बुजवलंय, बाई. असंच राहू द्या.'"

मास्तर पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटानं पुसू लागले.

"पंधरा दिवसांत खोकला थांबला," ती म्हणाली, "तेवढं मात्र खरं सांगितलंत."