दोन-चार चेंडू सोडून दे

शीतलला आता एकच पॉइंट हवा होता. आणि कुंपणाला धरून उभे असलेले तिचे वडील भुजंगराव पांडुरंगाला विनवत होते, देवा, माझी पोरगी हरू दे.

कारण समोर मोनाली खेळत होती. क्लबचे अध्यक्ष राधेश्यामशेठ यांची एकुलती एक मुलगी. नवीन जालन्यातल्या या क्लबची वर्षाची फी ऐकून भुजंगराव मागच्या महिन्यात बाकावर मटकन बसले होते. फी माफ करणं एकट्या शेठच्या हातात होतं, आणि पोरीचा खेळ बघायला त्यांनीच आज हा सामना ठेवला होता. मंठ्याच्या शाळेत दोन बाभळींना दोरी बांधून टेनिस शिकलेल्या पोरीला खऱ्या कोर्टावर रोज खेळायचं तर दुसरं दारच नव्हतं.

म्हणून सकाळी एसटीत त्यांनी हळूच सांगितलं होतं, "शेठच्या पोरीला दुखवू नको, माय. शेवटी शेवटी दोन-चार चेंडू सोडून दे. कुणाला बी कळत न्हाई."

शीतल खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "अण्णा, तुमी कीर्तनात मृदंग वाजवता. बुवा खूश व्हावेत म्हणून कधी ताल सोडला का?"

"येडी का काय! ताल सुटल्यावर कीर्तन राह्यतं का ते?"

"मंग?"

त्यावर भुजंगरावांनी तिकिटं काढायला कंडक्टरला हाक मारली होती.

आता शीतलने सर्व्हिस केली. मोनालीने चेंडू परतवला. शीतल धावली, मोनाली धावली. सहा वेळा, सात वेळा, आठ वेळा चेंडू नेटवरून गेला आणि आला. भुजंगरावांची बोटं आपोआप कुंपणाच्या तारेवर ठेका धरू लागली. कीर्तनाला रंग चढावा तसा खेळाला रंग चढला होता. देवाकडे काय मागत होतो, तेच ते विसरून गेले.

चेंडू मोनालीच्या डाव्या कोपऱ्यात पडला. तिची रॅकेट पोचली नाही.

कोर्टाबाहेर खुर्च्यांवर बसलेल्या क्लबच्या लोकांपैकी कुणी टाळी वाजवेना. सगळे शेठकडे बघत होते.

भुजंगराव भानावर आले. चपला काढून ते थेट कोर्टावर गेले. कीर्तन झालं की लहान-थोर न बघता सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. तशी त्यांना सवयच होती. ते मोनालीच्या पाया पडले.

"पोरीचं काही चुकलं असंल तर पदरात घ्या, ताई."

खुर्च्यांमधून कुणीतरी फिसकन हसलं. मोनाली गोंधळली. मग तीही वाकली आणि तिने भुजंगरावांच्या पायांना हात लावला. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

शेठ लगबगीने आले. "काय झालं बेटा? हरलीस म्हणून रडतेस?"

"नाही पप्पा." मोनालीने शीतलचा हात घट्ट धरला. "उद्यापासून हिला रोज बोलवा. तुमच्याकडे बघून इथं सगळेच मला चेंडू सोडतात, मला कळतं ते. हिने एकही सोडला नाही."