कमरेएवढ्या पाण्यात

अक्काताईंनी तानीबाईचा हात धरला आणि त्या सरळ समुद्राकडं चालायला लागल्या. पारमिताच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं.

"आई, पायच भिजव फक्त," ती मागून म्हणाली.

"व्हय गं," तानीबाई म्हणाली आणि चालतच राहिली.

पारमिताच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. बेळगावहून होणारा नवरा भीमरत्न आणि त्याची आई अक्काताई गाडी घेऊन निपाणीला आले होते, मायलेकींना घेऊन आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला पोचले होते. बेत अक्काताईंचा. विहीणबाईंनी समुद्र बघितलेला नाही, एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. पारमितानं फोनवर तीन कारणं सांगून बघितली. एकही चाललं नाही.

तानीबाईच्या पोटावर उजव्या अंगाला पिशवी होती. दोन वर्षांपूर्वी मोठं आतडं जखमांनी भरलं, रक्त थांबेना. डॉक्टरांनी ते काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणून बाहेर काढलं. तेव्हापासून सगळं त्या चिकटवलेल्या पिशवीत. जन्मभरासाठी. ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळू द्यायची नव्हती. गल्लीत पारमितानं "गाठ काढली" असं सांगितलं होतं.

त्यालाही कारण होतं. दवाखान्यात मालुबाई भेटायला आली होती. तंबाखूच्या वखारीत आईशेजारी बसून वीस वर्षं काम केलेली बाई. पिशवी दिसल्याबरोबर तिनं नाकाला पदर लावला, पुढं केलेला चहा तसाच ठेवला आणि उठून गेली. आईचा तेव्हाचा चेहरा पारमितानं बघितला होता. त्याच दिवशी तिनं आईला बजावलं, "हे कुणाला सांगायचं न्हाय. कुणालाच." तानीबाईनं मान हलवली होती.

आज पहाटे चारलाच उठून पारमितानं तयारी केली होती. नवी पिशवी, तिच्या कडेनं पाण्यात न सुटणारी पट्टी, वरून पट्टा, त्यावर घट्ट काळी चड्डी. साडी ओली झाली की अंगाला चिकटते, म्हणून गडद फुलांचा सैल ड्रेस. वाटेत सावंतवाडीला आईला अर्धीच इडली खाऊ दिली आणि किनाऱ्यावर यायच्या आधी पिशवी रिकामी करायला लावली. आपल्या पर्समध्ये दोन जादा पिशव्या, कात्री, ओले रुमाल. एवढं करूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पाणी गुडघ्याला लागलं. मग मांडीला. तानीबाई लहानपणी वेदगंगेत पोहलेली. पहिली लाट आली तशी ती सवयीनं तिच्यावर आडवी झाली आणि दोन हात मारून पलीकडं गेली. अक्काताईंनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत आईला असं हसताना पारमितानं पाहिलं नव्हतं. तरीही तिचं लक्ष आईच्या तोंडाकडं नव्हतं, पोटाकडं होतं.

दुसरी लाट मोठी होती. दोघी बाया तिच्यात दिसेनाशा झाल्या. लाट ओसरली तेव्हा तानीबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आता ती हसत नव्हती. तिचा उजवा हात पाण्याखाली पोटावर होता.

पारमिताला कळलं. पट्टी सुटली होती. आता ओला ड्रेस, लोकांनी भरलेला किनारा आणि शेजारी होणारी सासू.

"काय झालं?" शेजारी वाळूत बसलेला भीमरत्न उठला.

"तू हितंच थांब," ती म्हणाली. पर्स त्याच्या हातात कोंबली आणि पळत सुटली. पाणी पायाला अडवत होतं. मनात एकच चाललं होतं. अक्काताईंना बाजूला कसं काढायचं? काय सांगायचं? पोटात कळ आली म्हणावं? आणि त्यांनीही पदर नाकाला लावला तर? मग हे लग्न नको. आईचा तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता.

ती पोचली तेव्हा धापा टाकत होती.

"मावशी, तुम्ही जावा बाहेर. मी बघते आईकडं."

अक्काताई जागच्या हलल्या नाहीत. "बघायचंय काय त्यात," त्या म्हणाल्या. "एका बाजूची पट्टी उठलीय. मी दाबून धरलीय. जरा लाटा कमी होऊ देत, मग तिघी मिळून निघू. तू पुढं हो आणि ओढणी आडवी धर."

पारमितानं खाली पाहिलं. हलत्या पाण्यात आईच्या पोटावर दोन हात होते. खालचा आईचा. वरचा, हिरव्या बांगड्यांचा, अक्काताईंचा.

तिनं आईकडं बघितलं.

"ह्यांना कवा कळलं?"

"साखरपुड्यादिवशीच सांगितलंतं मी," तानीबाई म्हणाली. "पोरगी द्यायची त्या घरात, लपवून कसं चालंल? ईनबाई म्हणाल्या, मग काय झालं, जेवायला बसा."

"आणि मला का न्हाय सांगितलंस?"

एक लहान लाट तिघींच्या मधून निघून गेली. तानीबाईनं लेकीच्या कपाळावरचे ओले केस डाव्या हातानं मागं सारले.

"कुणाला सांगायचं न्हाय म्हणालीस न्हवं तू," ती म्हणाली. "मला वाटलं, तुलाच माझी लाज वाटतीया."