बारावा चेहरा

आखातातल्या जनाबियामधल्या व्हिलाच्या मालकाला इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीसारखं छत हवं होतं. महादेव त्यासाठी एकाच साच्यातून प्लास्टरचे बालचेहरे काढत होता.

प्लास्टर घट्ट होताना तापतं, मग तासाभरात निवतं. अकरा चेहरे निवले. छताला लागले.

बारावा सकाळपासून तापलेलाच.

गावी त्याची लेक सावनीही तापलेली, तीन दिवस.

महादेवने चेहऱ्यावर ओलं फडकं ठेवलं. वर प्लास्टरने माखलेला हात ठेवून बसून राहिला.

हळूहळू चेहरा निवला.

बायकोचा फोन आला. "अहो, ताप उतरला. पण पोरीच्या कपाळावर ही पांढरी बोटं कुणाची?"

तोवर कामावरचा जोडीदार विनीत चेहरा उचलून शिडीवर चढला होता. ड्रिल सुरू झालं.

"दादा, बाकीच्यांसारखा स्क्रू कपाळातूनच ना?"